1825 सालच्या रेल्वेचे घोडे कुठे गेले?

इंग्लंडमधल्या स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेला 2025 साली दोनशे वर्षे झाली. तेव्हापासून एक मजकूर पुन्हा पुन्हा समोर येतो. शब्द थोडेफार बदलतात, गोष्ट तीच राहते: "27 सप्टेंबर 1825. जॉर्ज स्टीफन्सन या खाणकामगाराच्या मुलाने वाफेवर चालणारे रेल्वे इंजिन शोधले आणि जगातली पहिली प्रवासी गाडी धावली. तज्ज्ञांनी त्याला वेड्यात काढले, पण त्याने एकट्याने करून दाखवले. रुळांमधले अंतर त्याने रोमन रथांवरून घेतले. त्या दिवसापासून घोड्यांचे युग संपले."

तारीख बरोबर आहे. स्टीफन्सनचे वडील वायलमच्या कोळसा खाणीत पाणी उपसणाऱ्या इंजिनावर फायरमन होते, तेही बरोबर. बाकी वाक्यांकडे एकेक करून पाहू.

"इंजिन शोधले." 21 फेब्रुवारी 1804 रोजी, म्हणजे या मजकुरातल्या तारखेच्या एकवीस वर्षे आधी, वेल्समधल्या पेनिडॅरन लोखंड कारखान्यापासून रिचर्ड ट्रेव्हिथिकचे इंजिन रुळांवरून निघाले. मागे पाच वाघिणी, त्यांत दहा टन लोखंड, आणि वर चढून बसलेली सत्तरेक माणसे. सुमारे सोळा किलोमीटरला चार तास लागले, पण गाडी पोचली. तुटले ते रूळ. ओतीव लोखंडाच्या पट्ट्यांना इंजिनाचे वजन पेलले नाही. इथून पुढची वीस वर्षे समजून घ्यायची तर नजर इंजिनावर नको, रुळांवर हवी. ओतीव लोखंड कठीण असते पण ठिसूळ. धक्का बसला की तडकते. म्हणून इंजिन हलके करावे, तर ते जागच्या जागी घसरते. लीड्सच्या मिडलटन रेल्वेवर जॉन ब्लेंकिन्सॉप आणि मॅथ्यू मरे यांनी 1812 साली यातून वाट काढली. हलके इंजिन, त्याला एक दातेरी चाक, आणि रुळाच्या कडेला त्या चाकासाठी दाते. ही इंजिने रोज कोळसा ओढत होती, तीही धंद्यासाठी. पाठोपाठ वायलममध्ये, म्हणजे स्टीफन्सनच्याच जन्मगावी, विल्यम हेडलीने 'पफिंग बिली' चालवले. स्टीफन्सनचे पहिले इंजिन 'ब्ल्यूशर' 1814 सालचे. रांगेत तो बराच मागे उभा होता.

मग त्याचे श्रेय काय? माझ्या मते ते एका निर्णयात आहे, आणि या मजकुरात नेमका तोच नाही. 1820 साली बेडलिंग्टनच्या कारखान्यात जॉन बर्किन्शॉने घडीव लोखंडाचे रूळ लाटून काढण्याची पद्धत पेटंट केली. ओतीव रूळ तीन-चार फुटांचा असे, हा पंधरा फुटांचा. सांधे कमी, आणि तडकण्याची भीतीही कमी. ओतीव रुळांच्या एका पेटंटमध्ये विल्यम लॉशबरोबर खुद्द स्टीफन्सनची भागीदारी होती. तरी डार्लिंग्टनच्या संचालकांना त्याने घडीव रूळच घ्यायला सांगितले. स्वतःच्या खिशाला चाट बसली, लॉशशी बिनसले ते वेगळेच. मार्गाचा मोठा भाग घडीव रुळांचा झाला. इंजिनाच्या चित्राखाली हे कुणी लिहीत नाही. रुळाचा फोटो कोण पाहणार!

"जगातली पहिली प्रवासी गाडी." भाडे घेऊन नियमित प्रवासी नेणारी रेल्वे वेल्समध्येच, स्वान्सीजवळच्या ऑयस्टरमाउथ मार्गावर, 1807 पासून चालू होती. डबा घोडा ओढी. वाफेचाच आग्रह असेल तर 1808 साली ट्रेव्हिथिकने लंडनमध्ये गोल रुळांवर 'कॅच मी हू कॅन' फिरवले आणि हौशी लोकांकडून एकेक शिलिंग घेतला. तो खेळ होता हे मान्य, पण माणसे बसली होती आणि पैसे दिले होते. 1825 ची खरी ओळख जरा लांबलचक आहे: संसदेच्या कायद्याने वाफेची इंजिने आणि प्रवासी दोन्ही चालवायची परवानगी मिळालेल्या सार्वजनिक रेल्वेवर पहिल्यांदा इंजिनाने गाडी ओढली. ती परवानगी 1823 च्या दुरुस्ती कायद्यात होती. वेळापत्रकाप्रमाणे दोन मोठ्या शहरांमध्ये इंजिनांच्या गाड्या हव्या असतील तर 15 सप्टेंबर 1830 पर्यंत, लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेपर्यंत थांबावे लागते.

"तज्ज्ञांनी वेड्यात काढले." टिंगल झाली, हे खरे. लंडनच्या 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या नियतकालिकाने 1825 मध्येच लिहिले होते की प्रवासी घोडागाडीच्या दुप्पट वेगाने इंजिने धावतील ही कल्पनाच हास्यास्पद आहे. पण त्याच वर्षाच्या वसंतात संसदेच्या समितीसमोर स्टीफन्सनची जी फजिती झाली, ती निव्वळ आकसाची नव्हती. विषय होता लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाच्या विधेयकाचा. रुळावर गाय आली तर, या प्रश्नावर "गाईचं काही खरं नाही" अशा अर्थाचे त्याने दिलेले उत्तर सगळ्यांना आठवते. पुढची उलटतपासणी कुणी सांगत नाही. विरोधकांचे वकील एडवर्ड ऑल्डरसन यांनी मोजणीतल्या उंचसखलपणाच्या आकड्यांवर बोट ठेवले, आणि आकडे खरोखरच चुकलेले निघाले. मोजणी सहाय्यकांनी केली होती, स्टीफन्सनने ती तपासली नव्हती. त्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. जमीनदार मोजणीदारांना आपल्या हद्दीत पाऊल टाकू देत नव्हते, त्यामुळे काम चोरून-लपून करावे लागले होते. तरी पुलाची उंची विचारल्यावर अभियंत्याला ती सांगता येऊ नये, हे तज्ज्ञांचे अज्ञान नव्हे. विधेयक बारगळले. रेनी बंधू या अभियंत्यांकडून नवी मोजणी करून घेतल्यावर 1826 साली ते मंजूर झाले, आणि बांधकामासाठी कंपनीने पुन्हा स्टीफन्सनलाच बोलावले. सप्टेंबरमधल्या त्या जल्लोषाआधी काही महिने हा माणूस संसदेतून मान खाली घालून बाहेर पडला होता, हे कळल्यावर मला तरी तो जास्त जवळचा वाटतो.

"एकट्याने" या शब्दावर फार वेळ घालवत नाही. पैसा आणि चिकाटी डार्लिंग्टनच्या एडवर्ड पीझ आणि त्याच्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) आप्तमंडळींची. रूळ बर्किन्शॉचे. इंजिन बांधले न्यूकॅसलच्या रॉबर्ट स्टीफन्सन अँड कंपनीने, आणि ज्याच्या नावाची ती कंपनी तो जॉर्जचा मुलगा त्या वेळी दक्षिण अमेरिकेत खाणींच्या कामावर होता. पुढची काही वर्षे ही इंजिने सारखी बिघडत. उद्घाटनाची गाडी ओढणाऱ्या 'लोकोमोशन' इंजिनाचा बॉयलर 1828 साली फुटला आणि चालक दगावला. ही इंजिने दुरुस्त करत, सुधारत चालती ठेवली टिमथी हॅकवर्थने, शिल्डनच्या कारखान्यात. त्याने 1827 साली बांधलेल्या 'रॉयल जॉर्ज'ने इंजिनांवरचा कंपनीचा भरवसा टिकवला.

रोमन रथांची गोष्ट ऐकायला गमतीची आहे, पण मधली दीड हजार वर्षे जोडणारा धागा कुणी दाखवलेला नाही. स्टीफन्सन किलिंगवर्थच्या खाणीवर ज्या मापाच्या गाड्यांवर काम करत होता, तेच 4 फूट 8 इंचांचे माप त्याने डार्लिंग्टनला आणले. सवयीचे होते, एवढेच. वरचा अर्धा इंच नंतर वाढला, चाके वळणावर अडकू नयेत म्हणून. आणि या मापात काही दैवी असते तर 1825 सालीच दक्षिण बोहेमियात (आजच्या चेक देशात) ज्या लिंझ-बुडवाइस घोडारेल्वेचे काम सुरू झाले, तिथे 1106 मिलिमीटर कशाला निवडले असते? ब्रिटनमध्येसुद्धा 4 फूट साडेआठ इंचांचा कायदा व्हायला 1846 उजाडले.

आता घोडे. 27 सप्टेंबरच्या गाडीपुढेच झेंडा घेतलेला एक घोडेस्वार चालत होता, पण तो मुद्दा सोडून देऊ. 'लोकोमोशन' शिल्डनपासून पुढे जोडले गेले. त्याआधी खाणीकडच्या दोन टेकड्या, एदर्ली आणि ब्रसलटन, वाघिणींनी दोरखंडाला लटकून पार केल्या. दोर ओढायला माथ्यावर एका जागी बसवलेली इंजिने होती. दोन टेकड्यांच्या मधल्या सपाट पट्ट्यात घोडे. समारंभाच्या दिवशी साडेचारशे ते सहाशे माणसे वाघिणींवर लोंबकळत स्टॉकटनला पोचली. पण 10 ऑक्टोबरपासून नियमित प्रवासी सेवा सुरू झाली तेव्हा 'एक्स्पेरिमेंट' नावाच्या डब्याला घोडा जुंपला होता. वाफेचे इंजिन महाग, बिघडणारे, आणि कोळशासाठी राखलेले.

कंपनीची कल्पनाच मुळी टोलच्या रस्त्यासारखी होती: पैसे भरा, आपला घोडा आणि आपली गाडी घेऊन या. वेगवेगळ्या मालकांच्या प्रवासी गाड्या एकाच एकेरी मार्गावर समोरासमोर येत. दुसरी गाडी जाऊ देण्यासाठी बाजूला फाटे होते, पण मागे कुणी हटायचे यावरून भांडणे होत. म्हणून दोन फाट्यांच्या मध्यावर खांब रोवले. जो आधी खांब ओलांडेल तो पुढे, दुसऱ्याने मागे जायचे. हे असेच 1833 पर्यंत चालले. मग कंपनीने या मालकांना पैसे देऊन बाजूला केले आणि प्रवासी गाड्यांनाही इंजिने लावली.

तोवर कोळशाच्या वाघिणी ओढणाऱ्या घोड्यांसाठी एक सोय झाली होती, आणि ती सुचवली होती स्टीफन्सननेच, 1828 मध्ये. गाडीच्या शेवटी एक बुटकी, उघडी वाघीण जोडायची, आत चारा ठेवायचा. उतार लागला की घोडा सोडायचा, तो मागे जाऊन त्या वाघिणीत चढायचा आणि पुढचा उतार चारा खात बसल्या जागी उतरायचा. 'डँडी कार्ट' म्हणत तिला.