ओ. पी. नय्यर भीक मागत मेले नाहीत, मामा

सेलूच्या मामांनी रविवारी सकाळी सकाळीच घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. संगीतकार ओ. पी. नय्यर यांनी लताबाईंना नाकारलं, तो तळतळाट भोवला, काम कायमचं बंद पडलं अन् शेवटी ठाण्यात भीक मागत बेवारस मेले. खाली मामांची स्वतःची ओळ: "गाण्याच्या नादानं असंच होतंय." हा टोमणा होता माझ्या भाचीला. ती दहावीत आहे अन् पेटी शिकते. दोन दिवस तिनं पेटीला हात लावला नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी तळतळाट. लताबाई त्यांच्याकडे एकही गाणं गायल्या नाहीत, हे खरं. कुणी कुणाला नाकारलं याचे किस्से ढीगभर. पण पहिला सिनेमा 'आसमान' १९५२चा. त्यानंतर 'आर पार' १९५४, 'सीआयडी' १९५६, 'नया दौर' १९५७ (त्याला फिल्मफेअर), 'कश्मीर की कली' १९६४, 'मेरे सनम' १९६५. भोवलेला माणूस तेरा वर्षं असा गाजतो? मग असला तळतळाट मलाही लागू द्या! अन् मामा, तुमच्या वरातीत बँडवाल्याला नोटा दाखवून तीनदा वाजवायला लावलेलं 'ये देश है वीर जवानों का' कुणाचं? 'नया दौर'चंच. आजही आपल्याकडं नवरदेव त्याच्याशिवाय मांडवात पोचत नाही.

काम आटलं ते नंतर. आधी रफींशी बिनसलं, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आशाबाईंशी फाटलं, तोवर पंचमचा, म्हणजे आर. डी. बर्मनचा जमाना आला होता. 'कायमचं बंद' हेही खोटं. 'निश्चय' १९९२चा, 'ज़िद' १९९४चा. चालले नाहीत, ते सोडा.

भीक कुठून आली कोण जाणे. ठाण्यात ते एका कुटुंबात राहायचे, नात्यातलं नसलेलं. लोकांना होमिओपॅथीची औषधं द्यायचे. २८ जानेवारी २००७ला ८१व्या वर्षी ठाण्यातच गेले.

एवढं मात्र मान्य करावं लागतं, कितीही जिवावर आलं तरी: स्वतःचं घर सोडलं होतं, अन् आपल्या अंत्ययात्रेला घरच्यांनी येऊ नये असं स्वतःच बजावून ठेवलं होतं. हट्टी माणूस. पण त्याला बेवारस म्हणत नाहीत.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मामांनी नुसते जोडलेले हात पाठवले. मेसेज अजून तिथंच आहे.