आधी दिवे खाली आणा
ह्युगवरच्या तुमच्या लेखात या ह्युगसाठी, म्हणजे डेन्मार्कमधल्या ऊबदार, निवांत घरपणासाठी, उशा, मेणबत्त्या, लोकरीच्या शाली आणायला सांगितलंय, पण खरी गोम दिव्यांत आहे आणि तीच राहून गेली. डिसेंबरात डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला, पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. म्हणून तिथली माणसं छताला एकच झगझगीत दिवा न लावता खोलीत चार-पाच ठिकाणी मंद, पिवळसर दिवे ठेवतात. डॅनिश डिझायनर पॉल हेनिंगसेनचा १९५८ चा पीएच ५ हा टांगता दिवा बघा: एकाखाली एक छत्र्या अशा बसवल्यात की बल्ब डोळ्यांत खुपतच नाही. डेन्मार्कमधल्याच ऑरहूस शहरात माझ्या बहिणीकडे तो जेवणाच्या टेबलावर इतका खाली टांगलाय की उजेड फक्त ताटांवर आणि हातांवर पडतो. तिथून उठवत नाही हो! आणि मेणबत्त्या आणाल तर बिनवासाच्या आणा, तिकडे शक्यतो त्याच लावतात.