नियमावली नव्या मुलांना अडवण्यासाठी नसते

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सारांश असा: ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वाचता-बदलता येणारं सॉफ्टवेअर, नावालाच खुलं आहे. कोड पाठवायच्या नियमावल्या नव्या पोरांना बाहेर ठेवण्यासाठीच लिहिल्यात, साइन-ऑफ (बदलाखाली आपल्या नावाने दिलेली हमी) वगैरे निव्वळ सोपस्कार. तेव्हा रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत) एखादी ओळ बदला, पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) टाका, रेझ्युमेवर लिहा. खऱ्या कोडसाठी फाडफाड इंग्रजी लागतं, मराठी माध्यमातल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. आणि लहान गावच्या माणसाला तिथं कुणी उत्तरही देत नाही.

मराठी माध्यमाबद्दलचं ते वाक्य मला सहन झालं नाही, म्हणून हे लिहितोय. पण आधी नियमांबद्दल.

कडक म्हणून लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नियमावलीचं नाव घेतलं जातं. तिच्यात सांगितलंय की एका पॅचमध्ये (पाठवलेल्या दुरुस्तीच्या तुकड्यात) एकच बदल असावा आणि मालिकेतला प्रत्येक पॅच लावल्यावर कर्नल बिल्ड व्हायला हवं, म्हणजे कोडातून चालणारा प्रोग्रॅम तयार व्हायला हवा. यामागे कारण आहे. पुढे काही बिघडलं की कोडाचा इतिहास ठेवणाऱ्या 'गिट' या साधनातलं 'बायसेक्ट' वापरून दोष शोधतात. चांगल्या आणि बिघडलेल्या आवृत्तीत हजार कमिट (नोंदवलेले बदल) असले, तरी दर खेपेला निम्मे बाजूला काढत साधारण दहा तपासण्यांत नेमका कमिट हाती लागतो. मधलाच एखादा बिल्ड होत नसेल तर ही तपासणी तिथंच अडकते. आणि एकाच कमिटमध्ये फॉरमॅटिंग, नवं फीचर, दुरुस्ती असं सगळं कोंबलेलं असेल, तर कमिट सापडूनही दोष सापडत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या मशिन शॉपमध्ये ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) लिहिलेला असतो, कारण तो पार्ट पुढे दुसऱ्याच्या असेंब्लीत बसायचा असतो. नव्या टर्नरला घालवून देण्यासाठी तो कुणी लिहीत नाही.

तपासणीत एक गोष्ट निसटली तर काय होतं, हे 'हार्टब्लीड' नावाच्या दोषाने दाखवलं. इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये आलेल्या कोडात लांबी तपासणारी एक अट राहून गेली आणि रिव्ह्यूमध्येही ती कुणाच्या लक्षात आली नाही. २०१२ मध्ये तो कोड रिलीज झाला, दोष जाहीर झाला २०१४ मध्ये. तोवर असंख्य सर्व्हरांच्या मेमरीतून पासवर्ड वाचता येण्याजोगे होते.

रीडमीचा सल्ला तर उघड नुकसानीचा आहे. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात, चार पुल रिक्वेस्टवर टी-शर्ट मिळणार म्हणून लोकांनी निरर्थक बदलांचा पाऊस पाडला. फुकट राबणाऱ्या मेंटेनरांचे (प्रकल्प सांभाळणाऱ्यांचे) दिवस ते बंद करण्यात गेले आणि आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाने स्वतः होकार दिला, तिथलेच बदल मोजायचे. शिवाय तुमची पुल रिक्वेस्ट सार्वजनिक असते. मुलाखत घेणारा ती उघडून पाहू शकतो.

साइन-ऑफ सोपस्कार नाही. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर खटला भरला, युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा आमचा कोड लिनक्समध्ये घातला म्हणून. कोणती ओळ कुठून आली हे दाखवता यावं, यासाठी २००४ पासून कर्नलमध्ये साइन-ऑफ सुरू झालं. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, एवढं तुम्ही त्यातून सांगता. कंपनीतला किंवा कुठून तरी उचललेला कोड असेल तर ती ओळ लिहिता येणार नाही, आणि लिहूही नये.

आता इंग्रजी. ते लागतं, हे मी नाकारणार नाही. पाठवण्याआधी मेलमधलं इंग्रजी नीट आहे ना पाहा, असं कर्नलचं दस्तऐवजही सांगतं. पण लागतं ते नेमकं इंग्रजी, फाडफाड नव्हे. काय बिघडलं, वापरणाऱ्याला त्याचा त्रास काय, आणि मी काय बदललं: कमिट संदेशात एवढंच हवं असतं, छोट्या साध्या वाक्यांत. वर्गात उभं राहून इंग्रजीत बोलायला कचरणारी आमच्याकडची मुलं हे लिहू शकतात, कारण लिहायला वेळ मिळतो आणि कितीदाही खोडता येतं. घरी मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी अशी तिन्ही भाषांत ही मुलं रोज वावरतात. एखादा मजकूर देवनागरीत बरोबर दिसतो पण कन्नडमध्ये जोडाक्षर तुटतं, हे त्यांना एका नजरेत कळतं. पुण्यात किंवा बंगळुरात बसलेल्या कित्येकांना ते कळणार नाही. आवृत्ती, अपेक्षित काय, दिसलं काय आणि स्क्रीनशॉट, एवढं दिलं की ती पक्की बग रिपोर्ट होते. मात्र भाषांतर करायचं असेल तर आधी त्या प्रकल्पाची पद्धत वाचा. फायरफॉक्स ब्राउझरचं भाषांतर पोंटूनवर चालतं, लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरचं वेबलेटवर; दोन्ही भाषांतरासाठीच्या वेबसाइटी. तिथं न जाता थेट कोडात ओळी बदलून पाठवल्या तर श्रम फुकट जातील, आणि तेव्हा दोष गावाचा किंवा माध्यमाचा नसेल.

उत्तर न येण्याचं दुःख खरं आहे. पण कर्नलची नियमावलीच सांगते की प्रतिक्रिया यायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. नाहीच आली तर योग्य माणसांना पाठवलंय ना, ते तपासा. ती माणसं शोधायला 'गेट मेंटेनर' नावाची स्क्रिप्ट कर्नलच्या कोडातच ठेवलेली आहे. आठवणीचा मेल टाकण्याआधी किमान आठवडाभर थांबा, मर्ज विंडो (नव्या आवृत्तीत बदल घेण्याचा धावपळीचा काळ) चालू असेल तर आणखी. सुधारून दुसऱ्यांदा पाठवताना मेलच्या विषयात 'व्ही टू' (दुसरी आवृत्ती) लिहा आणि मागच्या खेपेपासून काय बदललं ते कमिट संदेशानंतरच्या तीन रेघांच्या (---) खाली नोंदवा.