‘शहरातून दीर्घिकेचा फोटो म्हणजे थाप’ : सांगलीच्या गच्चीवरून उत्तर

व्हॉट्सॲपच्या गटांतून सध्या एक मजकूर फिरतोय. मथळा दणदणीत आहे: ‘शहरातून काढलेला दीर्घिकेचा फोटो म्हणजे थाप’. दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी, अब्जावधी ताऱ्यांचा समूह. खाली कारणं दिली आहेत. शहराच्या उजेडात दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचतच नाही. पोचलाच तर टिपायला दहा इंची दुर्बीण आणि लाखोंचा खर्च लागतो. तरीही कुणाला जमलं तर ती फिल्टरची करामत. रंग फोटोशॉपचे, आणि हल्ली अख्खा फोटोच एआयचा. शेवटी सल्ला: हौस असेल तर कासला जा, नाहीतर घरी बसून नासाचे फोटो बघा.

आमच्या विश्रामबागेतल्या गटात हा मजकूर आला तेव्हा त्याखाली अंगठे दाखवणाऱ्यांत दुर्बीण बाळगणारेही होते, म्हणून हा खटाटोप. सगळ्या मुद्द्यांना सारखी जागा देणार नाही. काहींची लायकी चार ओळींचीच आहे.

‘प्रकाश पोचतच नाही’

देवयानी तारकासमूहातली दीर्घिका, म्हणजे एम ३१ (मेसिए यांच्या यादीतला ३१ वा क्रमांक), सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिथून निघालेला प्रकाश एवढा पल्ला मारून येतो आणि शेवटच्या किलोमीटरला चौकातला हायमास्ट बघून परत फिरतो, असं काही होत नाही. दिवा तो प्रकाश अडवत नाही, त्यात स्वतःचा मिसळतो. मिसळलेलं पुढे वजा करता येतं. अडलेलं मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही.

आमच्याकडे अडवायचं काम करतात ते धूर, धूळ आणि बाष्प. गळीत हंगाम सुरू झाला की पाचट पेटतं, कारखान्यांच्या चिमण्या चालू होतात, आणि कृष्णाकाठचं धुकं त्यात भर घालतं. अशा रात्री क्षितिजापासून बऱ्याच उंचीपर्यंतचं आकाश राखाडी होतं. त्या रात्री मी माउंट, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणारा आधार, बाहेर काढत नाही. फॉरवर्डमध्ये याचा उल्लेखही नाही, आणि खरी अडचण तर ही आहे.

आता मिसळण्याचा हिशेब. प्रत हे तेजाचं माप: आकडा जेवढा मोठा, तेवढा प्रकाश मंद. आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. समजा, शहरातलं आकाश दर चौरस आर्कसेकंदाला १८ प्रतीचं आहे आणि दीर्घिकेचा हात, म्हणजे गाभ्याभोवती वळसा घेणारा पट्टा, २२ प्रतीचा. चार प्रतींचा फरक म्हणजे साधारण ४० पट. कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलवर आकाशाचे १००० प्रकाशकण पडले, तर दीर्घिकेचे पडतात २५. प्रकाशकण ठरलेल्या तालात येत नाहीत, त्यामुळे मोजणी दर वेळी थोडी वरखाली होते, आणि हे वरखाली होणं एकूण संख्येच्या वर्गमुळाएवढं असतं. १०२५ चं वर्गमूळ ३२. म्हणजे हवेत ते २५ आणि गोंधळ ३२. एका फ्रेममध्ये, म्हणजे एकाच फोटोत, दीर्घिकेचे हात दिसत नाहीत ते यामुळे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा अशीच एक फ्रेम पाहिली आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला.

आता तशाच १०० फ्रेम घेऊन एकावर एक रचा. दीर्घिकेचे कण झाले २५००. गोंधळ मात्र वर्गमुळानेच वाढतो, म्हणून तो होतो ३२०. आकाशाचा सपाट भाग वजा केला की दीर्घिका गोंधळाच्या जवळपास आठपट वर उभी राहते. यालाच स्टॅकिंग म्हणतात. सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर ही त्याची सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

फॉरवर्डच्या बाजूने जे खरं आहे तेही मांडतो. हेच गणित २१ प्रतीच्या काळ्या आकाशाखाली केलं, तर तेवढ्याच दर्जासाठी १०० च्या जागी ९ फ्रेम पुरतात. शहराच्या उजेडाची जकात वेळेत भरावी लागते, आणि ती जबर आहे. एम ३१ चा मधला भाग किंवा एम ८२ सारखी ठसठशीत दीर्घिका असेल तर ती परवडते. दीर्घिकेभोवतीची अतिशय फिकट वलयं हवी असतील तर शहरातून खरंच नाद सोडावा.

इतिहासातही दोन्ही बाजूंचा पुरावा एकाच ठिकाणी सापडतो. १९२३ मध्ये एडविन हबल यांनी एम ३१ मधला जो सेफीड तारा (ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणारा, ज्यावरून अंतर काढता येतं) ओळखला, ज्याच्यामुळे ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे ठरलं, त्याच्या फोटोची काच (तेव्हा फोटो काचेवर घेत) माउंट विल्सनवरच्या दुर्बिणीतून घेतलेली होती. हा डोंगर लॉस एंजेलिसच्या डोक्यावर आहे. तेव्हा ते शहर आजच्याइतकं झगमगत नव्हतं, हे मान्य. पण दुसऱ्या महायुद्धात तिथे दिवे विझवले गेले, तेव्हा त्याच दुर्बिणीतून वॉल्टर बाडे यांना एम ३१ च्या गाभ्यातले तारे सुटे दिसले, जे त्याआधी कुणाला दिसले नव्हते. उजेड त्रास देतो, यात वाद नाही. ‘पोचतच नाही’ हे मात्र साफ खोटं.

आणखी एक गोष्ट फॉरवर्डवाल्याच्या गावी नाही, ती म्हणजे आकाशाची दिशा. शहराचा उजेड क्षितिजाजवळ सर्वांत दाट आणि डोक्यावर सर्वांत विरळ असतो. सांगलीचा अक्षांश सुमारे १७ अंश उत्तर. कन्या राशीतला दीर्घिकांचा मोठा समूह, त्यातली एम ८७, शिवाय सिंहेतलं दीर्घिकांचं त्रिकूट, हे सगळं १२-१३ अंश उत्तरेला. म्हणजे मार्च-एप्रिलच्या रात्री हा ऐवज आपल्या गच्चीच्या जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो. एम ८७ म्हणजे तीच, जिच्या पोटातल्या कृष्णविवराचं चित्र २०१९ मध्ये जगाने पाहिलं. लंडनच्या हौशी माणसाला ती जेमतेम ५० अंशांवर मिळते. आपल्याकडे एप्रिलच्या उकाड्यात कॅमेऱ्याचा सेन्सर तापतो आणि त्याचा स्वतःचा गोंधळ वाढतो, हे खरं. त्यासाठी त्याच तापमानाला झाकण लावून डार्क फ्रेम घ्याव्या लागतात. तरीही हा सौदा मला फायद्याचा वाटतो.

‘दहा इंची दुर्बीण लागते’

एम ३१ आकाशात सुमारे तीन अंश लांब आहे, सहा पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढी. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (फोकल लेंथच्या) दहा इंची दुर्बिणीला साधा डीएसएलआर लावला, तर चौकटीत जेमतेम एक अंश मावतो. म्हणजे लाखभर घालवून हाती येतो दीर्घिकेचा तुकडा. तीच दीर्घिका ४०० मिलिमीटरच्या छोट्या दुर्बिणीत, अगदी १३५ मिलिमीटरच्या कॅमेरा लेन्समध्येही, अख्खी बसते. एम ५१ किंवा सोम्ब्रेरोसारख्या दहाएक आर्कमिनिटांच्या (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) दीर्घिकांना लांब नाभीय अंतर हवं, तिथे पाच-सहा इंची परावर्तक, म्हणजे आरशाची दुर्बीण, कामाला येतो.

पैसे जातात ते माउंटवर, आणि जायलाच हवेत. पृथ्वी फिरते तशी दुर्बीण उलटी फिरत राहिली नाही, तर तारे रेघोट्या होतात. यात आपल्या भागाची एक खास कटकट आहे, जी युरोपात बनवलेल्या व्हिडिओंत कुणी सांगत नाही. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, तर ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून फक्त १७ अंशांवर. तिथे शेजारच्या अपार्टमेंटची पाण्याची टाकी असते, नाहीतर धुरकट पट्टा. बरं, अक्ष एवढा खाली झुकवला की काही माउंटचा वजनाचा दांडा फिरताना तिवईच्या पायाला आपटतो. विकत घेण्याआधी हे विचारून घ्यावं. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. ध्रुवतारा झाकलेला असेल तर आकाशाच्या दुसऱ्या भागाचे फोटो घेऊन, तारे ओळखून, अक्ष किती चुकलाय ते सांगणारी सॉफ्टवेअर आहेत. शेवटी काहीच नसेल तर जुनी ड्रिफ्ट पद्धत आहेच: दक्षिणेचा एक तारा धरायचा, तो चौकटीत कुठे सरकतो ते बघायचं आणि स्क्रू फिरवायचे. चिकाटीचं काम, पण होतं.

आणि ज्यांना हे काहीच नको, त्यांच्यासाठी सीस्टारसारख्या स्वयंचलित दुर्बिणी आल्या आहेत. भिंग ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम ती स्वतःच रचत जाते आणि मोबाइलवर दाखवते. मला त्यात मजा वाटत नाही, पण दोन इंची भिंगातून शहरात एम ५१ चे वळसे डोळ्यांदेखत उमटतात, तेव्हा ‘दहा इंच’ हा मुद्दा तिथेच संपतो.

‘फिल्टरची करामत’

इथे फॉरवर्ड चक्क उलटं सांगतंय. तेजोमेघ, म्हणजे अवकाशातले वायूचे ढग, ठरावीक रंगरेषांत चमकतात, जसं हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा. तेवढीच रेषा आत सोडणारा फिल्टर लावला की शहरातूनही मृगातला तेजोमेघ झकास येतो. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्र प्रकाश, सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर शहराचा प्रकाश कापेल तसा तिचाही कापेल. पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे होते; त्यांचा बराचसा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, त्यामुळे तेवढा पट्टा गाळून बाकीचं वाचवता यायचं. २०१५ नंतर देशभर पथदिवे एलईडीचे होत गेले, आणि एलईडीचा पांढरा प्रकाश सगळीकडे पसरलेला. म्हणून माझं मत: दीर्घिकांसाठी महागडा फिल्टर घेऊ नका, ते पैसे माउंटमध्ये घाला. अपवाद एम ८२ च्या गाभ्यातून बाहेर उसळणारे लाल हायड्रोजनचे झोत किंवा एम ३३ मधले तेजोमेघ. तिथे हायड्रोजनच्या फिल्टरने घेतलेल्या फ्रेम वेगळ्या रचून मूळ फोटोत मिसळतात.

फिल्टरपेक्षा कितीतरी मोठं काम फ्लॅट फ्रेम करतात. सेन्सरवर धुळीचा एक कण असला तरी फोटोत काळसर कडं उमटतं, आणि शहराच्या उजळ आकाशावर ते दीर्घिकेपेक्षा ठळक असतं. संध्याकाळी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट सुरकुती न पडता ताणायचा, आकाशाकडे रोखून वीसेक फोटो घ्यायचे, फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन जराही न हलवता. पुढे सॉफ्टवेअर मूळ फ्रेमला यांनी भागतं आणि कडी जातात. हे टाळलं की मग एका कोपऱ्यातून चढत येणारा मिरजेचा उजेड आणि धुळीची कडी यांतून दीर्घिका शोधत बसावं लागतं.

‘रंग खोटे’

दुर्बिणीला डोळा लावल्यावर करडा धूसर ठिपका दिसतो, कारण मंद प्रकाशात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत. कॅमेऱ्याच्या पिक्सेलवरच्या लाल, हिरव्या, निळ्या जाळीला ही अडचण नाही. गाभ्यात वयस्कर तारे, म्हणून पिवळसर. हातांत तरुण, तापलेले तारे, म्हणून निळसर. रंगाची गडद मात्रा वाढवलेली असते, हे खरं, आणि काही जण ती लग्नाच्या अल्बमसारखी वाढवतात, हेही खरं.

‘सगळं एआयचं’

हा संशय मी हसण्यावारी नेणार नाही. चंद्राच्या फोटोत काही फोन स्वतःच तपशील भरतात, हे उघड झालेलं आहे. गोंधळ कमी करणारी आणि धार वाढवणारी एआय साधनं हौशी लोकही सर्रास वापरतात. वापरली तर फोटोखाली तसं लिहावं, एवढं माझं म्हणणं. पण पडताळणी अवघड नाही. फोटो टाकणाऱ्याकडे एक कच्ची फ्रेम मागा, प्रक्रिया न केलेली. त्यात तारीख, वेळ आणि एक्सपोजर नोंदलेलं असतं, आणि सॉफ्टवेअर त्यातले तारे नकाशाशी जुळवून नेमका आकाशाचा तुकडा सांगतं. दुसरी कसोटी आकाशच पुरवतं. १९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी यांना सप्तर्षीच्या शेपटीजवळच्या एम १०१ मध्ये अतिनवतारा (सुपरनोव्हा, स्फोट होऊन उजळलेला तारा) सापडला. त्याआधीच्या फोटोंत तो नाही, त्यानंतरच्या काही आठवड्यांच्या फोटोंत आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यातला म्हणून दाखवलेल्या एम १०१ मध्ये तो नसेल, तर खुशाल जाब विचारा.

‘कासला जा, नाहीतर नासाचे फोटो बघा’

कास वनखात्याच्या अखत्यारीतलं, जागतिक वारशात मोडणारं पठार आहे. रात्रभर तिथे माउंट मांडून बसता येईल असं गृहीत धरू नये. शिवाय घाटमाथ्यावर ढग आणि धुकं आपल्या वेळापत्रकाला विचारत नाहीत. काळं आकाशच हवं तर सांगली-साताऱ्याच्या माणसाने पूर्वेला वळावं: जत, आटपाडी, माण, खटाव. पाऊस कमी, वस्ती विरळ, हवा कोरडी. वर्षातून दोन-तीनदा जावंच. पण वरचा हिशेब आठवा. लागते ती वेळ, आणि ती गच्चीवर स्वस्त मिळते. जेवण झाल्यावर दुर्बीण लावली, दोन तास फ्रेम घेतल्या, झोपलो, सकाळी कामावर. पुढच्या स्वच्छ रात्री त्याच दीर्घिकेच्या आणखी दोन तासांच्या फ्रेम. वेगवेगळ्या रात्रींच्या फ्रेमही एकत्र रचता येतात. जतची एक रात्र ढगात गेली की सगळं मुसळ केरात.

नासाच्या फोटोंबद्दल एवढंच: २१ जानेवारी २०१४ रोजी एम ८२ मध्ये अतिनवतारा पहिल्यांदा लक्षात आला तो लंडन शहरातल्या मिल हिलच्या वेधशाळेत, विद्यापीठातले शिक्षक स्टीव्ह फॉसी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना. दुर्बीण ३५ सेंटिमीटरची, ढग भरून येत होते म्हणून घाईत घेतलेल्या फोटोत. तोवर तो तारा तिथे असल्याचं जगात कुणीही कळवलेलं नव्हतं. हीच एम ८२ आपल्याकडून उत्तरेला साधारण ३७ अंशांवर, माधवनगर-कुपवाडच्या उजेडाच्या वर येते. मार्चच्या उत्तरार्धात रात्री दहाच्या सुमारास ती सर्वांत उंच असते. तिच्यासाठी ३० सेकंदांच्या फ्रेमपासून सुरुवात करावी. हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यावर दिसणाऱ्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डाव्या कडेपासून सुटला की तेवढं एक्सपोजर पुरे.