ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच न्यायाधीश?

डोकं सणकलंय आज. माझी आई ७८ वर्षांची, पुण्याबाहेरच्या एका सिनियर सिटिझन प्रोजेक्टमध्ये राहते, बाबांचा सगळा पीएफ त्या फ्लॅटमध्ये गेला. एप्रिलपासून मेंटेनन्स आणि मेसचे मिळून महिन्याला साडेचार हजार वाढवले, मीटिंग नाही, विचारणं नाही, नोटीस बोर्डवर एक कागद चिकटवला बस्स. आईने हिशोब मागितला तर म्हणे तक्रार समितीकडे अर्ज करा. केला. समितीत कोण? मॅनेजर, अकाउंटंट आणि ऑपरेटरच्या, म्हणजे हा प्रोजेक्ट चालवणाऱ्या कंपनीच्या, ऑफिसातला एक जण! ज्यांनी दर वाढवले तेच बसून ठरवणार वाढ बरोबर आहे की नाही. दोन ओळींचं उत्तर आलं, अर्ज निकाली काढण्यात आला आहे. हिशोबाचा एक आकडा नाही त्यात.

अ‍ॅग्रीमेंट काढून वाचलं तर वाद झाला की लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा करणारा माणूस, आणि तो नेमणार कोण तर परत कंपनीच. अरे असा एकतर्फी लवाद नेमता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय, आणि लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पण तिथे तारखा घेत बसायला या माणसांकडे वर्षं किती उरलीयेत? २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे म्हणून प्रांत ऑफिसला गेले, तर तिथलं न्यायाधिकरण मुख्यतः पोटच्या पोरांकडून पोटगी मिळवण्यासाठी, ऑपरेटरशी भांडण त्यात बसत नाही. महारेराने, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या घरांसाठी नियम आणले, ९०० मिलिमीटरचे दरवाजे, रॅम्प, व्हीलचेअरची लिफ्ट, चांगलंच केलं, पण ते बांधकामाचं झालं, मेसच्या बिलाचं काय?

आमचं मागणं एवढंच आहे की समितीत निम्मे रहिवाशांनी निवडलेले हवेत, अध्यक्ष बाहेरचा हवा, ज्याचा पगार ऑपरेटर देत नाही असा, आणि उत्तर लेखी, कारणांसकट, पंधरा दिवसांत. यात जास्त काय मागितलं?

रविवारी अर्ज घेऊन दारोदार फिरले. ४२ फ्लॅट, सह्या ६. शेजारच्या काकूंनी पेन हातात घेतलं, अर्ज दोनदा वाचला, आणि पेन परत दिलं. म्हणाल्या, "अगं बाळा, रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर फोन मला त्याच ऑफिसात करायचाय."