प्रोसेसरची कंपनी बदलली म्हणून सॉफ्टवेअर बाद होत नाही

सध्या एक मेसेज फिरतोय: 'इंटेल काढून एएमडी बसवलं की आर्किटेक्चर बदलतं, जुनी सॉफ्टवेअर बाद होतात, विंडोज नव्याने विकत घ्यावं लागतं. ६४ बिटवर ३२ बिटचं काही चालत नाही. त्यापेक्षा एआरएमचा कॉम्प्युटर घ्या, त्यावर सगळं चालतं.' अशा मेसेजमुळे चांगली मशीन मोडीत निघतात, म्हणून हे लिहितोय.

आर्किटेक्चर म्हणजे कंपनी नव्हे. प्रोसेसरला ज्या सूचना कळतात, त्यांची ती भाषा. इंटेल आणि एएमडी दोघांची भाषा एकच, एक्स८६. तिचं मूळ १९७८ च्या इंटेल ८०८६ मध्ये आहे. पण तिचं ६४ बिटचं, म्हणजे एका वेळी जास्त मोठे आकडे हाताळणारं, रूप २००३ मध्ये बाजारात आणलं एएमडीने, आणि पुढच्याच वर्षी इंटेलनेही तेच स्वीकारलं. त्यामुळे प्रोग्रॅमची तीच फाइल दोन्हीकडे चालते. बदलतं ते सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच, आणि त्यामुळे मदरबोर्डही बदलावा लागतो. विंडोजचं ॲक्टिव्हेशन, म्हणजे लायसन्सची पडताळणी, अडतं ते या मदरबोर्डमुळे. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स नव्या बोर्डवर नेता येतं. मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स मात्र जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं. मेसेजमधलं खरं काय ते एवढंच.

३२ बिटबद्दलचं विधान तर साफ चूक. सी ड्राइव्ह उघडून बघा: 'प्रोग्रॅम फाइल्स'च्या शेजारी 'एक्स८६' लावलेला दुसरा फोल्डर दिसेल. तो ३२ बिटच्या प्रोग्रॅमसाठीच आहे. ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाहीत ते १६ बिटचे प्रोग्रॅम.

एआरएमची, म्हणजे बहुतेक मोबाइलमधल्या प्रोसेसरची, भाषा खरोखर वेगळी. तिथे विंडोज ११ एक्स८६चे जुने प्रोग्रॅम एम्युलेशनने, म्हणजे त्यांच्या सूचना भाषांतरित करून, चालवतं, आणि बरेचसे नीट चालतात. पण ड्रायव्हरचं, म्हणजे प्रिंटर-स्कॅनरसारखं उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, एम्युलेशन होत नाही. जुन्या स्कॅनरचा एआरएम ड्रायव्हर कंपनीने काढलाच नसेल, तर तो स्कॅनर बहुधा तसाच पडून राहणार.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मदरबोर्ड न बदलता, आहे त्याच एएमडी बोर्डवर नवा प्रोसेसर बसवला की पहिल्यांदा सुरू करताना काळ्या स्क्रीनवर प्रश्न येऊ शकतो: नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम (प्रोसेसरमधली गुप्त किल्ल्या ठेवायची जागा) रीसेट करू का? बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर, चालू असेल आणि ते उघडणारी रिकव्हरी की जवळ नसेल, तर 'वाय' दाबल्यावर डिस्क कुलूपबंद राहते. म्हणून आधी ती ४८ आकडी की कागदावर उतरवून घ्या, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा, आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या.