‘फ्रँकेन्स्टाइन’ कशाला शिकवायची, सिनेमा दाखवा की! : एका फिरत्या मेसेजला उत्तर

साहित्य शिकवणाऱ्यांमध्ये एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरतो, बहुतेक सिलॅबस बदलायची चर्चा सुरू झाली की. म्हणणं साधारण असं असतं: मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही शेवटी एक राक्षसाची गोष्ट, अठरा वर्षांच्या पोरीने पैजेवर एका रात्रीत लिहिलेली, तीही खरं तर नवऱ्यानेच लिहून दिलेली. संदेश काय, तर सायन्सच्या फार नादी लागू नका. भाषा दोनशे वर्षांपूर्वीची, मराठी मीडियमच्या पोरांना झेपत नाही. आणि जिनिव्हाच्या बर्फाशी आपल्या मुलांचं देणंघेणं काय? त्यापेक्षा सिनेमा दाखवा, समरी द्या, मोकळे व्हा.

मी बीएच्या मुलांना ही कादंबरी शिकवतो, त्यामुळे यातलं प्रत्येक वाक्य मला स्टाफरूममध्येही ऐकायला मिळतं. तर एकेक घेऊ.

राक्षसाची गोष्ट. आता राक्षस म्हटल्यावर डोळ्यासमोर काय येतं? चपटं डोकं, मानेला बोल्ट, हिरवट चेहरा, वीज कडाडतेय, कुबडा नोकर खटके ओढतोय. यातलं जवळजवळ सगळं १९३१च्या हॉलिवूडच्या सिनेमातून आणि त्याच्या नंतरच्या पोस्टर-मुखवट्यांतून आलंय. पुस्तकात नोकर नाही, किल्ला नाही, बोल्ट नाही. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन डॉक्टरसुद्धा नाही हो, जिनिव्हाहून जर्मनीतल्या इंगोलश्टाट युनिव्हर्सिटीत शिकायला गेलेला पोरगा आहे, भाड्याच्या घरात सगळ्यात वरच्या खोलीत त्याचं जीव बनवायचं काम चालतं, घरी पत्र लिहायला त्याला वेळ होत नाही (हे वाचल्यावर हॉस्टेलची मुलं एकमेकांकडे बघतात). त्याने बनवलेला जीव आठ फुटी, पिवळट कातडीचा, लांब काळ्या केसांचा. आणि मुख्य म्हणजे तो बोलतो. नुसता बोलत नाही, पुस्तकाचा मधला मोठा भाग त्याच्याच तोंडून येतो, आणि व्हिक्टरपेक्षा जास्त पटण्यासारखं बोलतो.

म्हणून मी सुरुवात लेखिकेच्या चरित्राने करत नाही, आणि कादंबरी ज्यांनी उघडते त्या, ध्रुवाकडे निघालेल्या वॉल्टनच्या पत्रांनीही नाही. ती पत्रं नंतर वाचली तरच कळतात असं माझं मत, यावर सहकाऱ्यांशी माझे वाद होतात, होऊ देत. मी पहिल्या तासाला नोव्हेंबरच्या रात्रीचं पान देतो. रात्रीचा एक वाजलाय, पाऊस काचांवर वाजतोय, मेणबत्ती संपत आलीय आणि त्या मिणमिणत्या उजेडात त्या जीवाचा मळकट पिवळा डोळा उघडतो. दोन वर्षं मरमर करून जे हवं होतं ते झालं. आता व्हिक्टर काय करतो? पळून जातो. शेजारच्या खोलीत जाऊन अंथरुणावर पडतो, झोपतो! स्वप्नात, जिच्याशी लग्न करायचंय त्या एलिझाबेथला जवळ घेतो तर तिचं त्याच्या मेलेल्या आईचं प्रेत होतं, दचकून जागा होतो, आणि समोर तो. पलंगाचा पडदा वर धरून उभा, डोळे याच्यावर, तोंडातून काहीतरी अस्पष्ट आवाज, गालांवर सुरकुत्या पाडणारं एक हसू, आणि एक हात पुढे केलेला. व्हिक्टर म्हणतो तो हात मला अडवायला असावा, आणि जिना उतरून धूम ठोकतो.

इथे थांबून मी एवढंच विचारतो, की हात कशाला पुढे केला होता? पहिली पाचेक मिनिटं सगळे ‘गळा दाबायला सर’ म्हणतात, कारण सिनेमा डोक्यात असतो. मग कोणीतरी, बहुतेक वेळा जिच्या घरात लहान मूल आहे अशी एखादी मुलगी, म्हणते की बोलता येत नाही, हसतंय, हात पुढे करतंय, हे तर बाळ झालं. झालं, तिथून पुढे वर्ग मला हाकावा लागत नाही. आठ फुटी बाळ आणि त्याला टाकून पळालेला बाप. भीती कोणाची वाटायला हवी हा प्रश्न त्यांचा त्यांना पडतो आणि तो शेवटच्या पानापर्यंत सुटत नाही. याला नुसती राक्षसाची गोष्ट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

एका रात्रीत लिहिली. नाही. १८१६चा जून, जिनिव्हाच्या तळ्याकाठी व्हिला डायोडाटी नावाचा बंगला, कवी बायरन, कवी पर्सी शेली (मेरीचा पुढे झालेला नवरा), मेरी, तिची सावत्र बहीण क्लेअर, बायरनचा डॉक्टर पोलिडोरी. आदल्या वर्षी इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या राखेने युरोपचा उन्हाळाच गायब केला, पाऊस थांबेना, घरात बसून जर्मन भुताच्या गोष्टींचं फ्रेंच भाषांतर वाचणं चाललेलं. बायरन म्हणाला प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. मेरीनेच १८३१च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितलंय की रोज सकाळी तिला विचारायचे, सुचली का गोष्ट, आणि रोज तिला नाही म्हणायला लागायचं, त्याची तिला लाज वाटायची. मग ते अर्धवट झोपेतलं दृश्य दिसलं, हे खरं. पण त्यानंतर १८१७च्या वसंतापर्यंत ती ते लिहीत, वाढवत, दुरुस्त करत होती. दोन प्रकाशकांनी नाही म्हटलं. छापून आली १ जानेवारी १८१८ला, फक्त ५०० प्रती, लेखिकेचं नावही न घालता. असाइनमेंट आदल्या रात्री लिहिणाऱ्या मुलांना ‘एका रात्रीत’वाली दंतकथा भयंकर आवडते, म्हणून तर ती आधी खोडायची.

आणि पैज, विरंगुळा वगैरे म्हणताना एक गोष्ट विसरली जाते. तिला जन्म देऊन तिची आई, मेरी वुलस्टनक्राफ्ट, थोड्याच दिवसांत बाळंतरोगाने गेली. १८१५मध्ये तिचं स्वतःचं पहिलं बाळ दिवस भरायच्या आत जन्मलं आणि गेलं. त्या मार्चमध्ये तिने डायरीत लिहिलंय की स्वप्न पडलं, बाळ पुन्हा जिवंत झालं, नुसतं गारठलं होतं, आम्ही शेकोटीपुढे चोळलं आणि ते जगलं. मेलेल्यात जीव घालायची कल्पना या बाईने कुठल्या लॅबमधून आणली नव्हती.

नवऱ्याने लिहून दिली. पहिलं म्हणजे सुरुवात केली तेव्हा तो नवरा नव्हता, लग्न १८१६च्या डिसेंबरअखेरीस झालं. पर्सीने पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना लिहिली, नाव नव्हतं, म्हणून लोकांनी त्याच्यावर संशय घेतला, वॉल्टर स्कॉटसारख्या मोठ्या लेखकालासुद्धा ती त्याचीच वाटली होती. पण हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत आहे, दोघांची अक्षरं वेगळी ओळखू येतात, मजकूर तिचा आणि मध्येमध्ये दुरुस्त्या त्याच्या. ती वही अभ्यासणाऱ्या चार्ल्स रॉबिन्सनचा हिशोब असा की साधारण ७२ हजार शब्दांत पर्सीचे चारपाच हजार. एवढं तर कुठलाही दमदार संपादक करतो. गंमत म्हणजे त्याने बऱ्याच ठिकाणी तिचे साधे शब्द काढून तिथे जड शब्द बसवलेत. म्हणजे भाषा जड आहे ही तक्रार असेल तर थोडी पर्सीकडे पाठवा.

सायन्सविरोधी पुस्तक. हा मुद्दा सगळ्यात जास्त शेअर होतो आणि पुस्तक उघडलं की सगळ्यात आधी पडतो. व्हिक्टरचे प्रोफेसर वॉल्डमन हे अख्ख्या कादंबरीतल्या भल्या माणसांपैकी एक आहेत, केमिस्ट्रीवर जीव असलेले, आणि ते त्याला सल्ला देतात की एकच विषय धरून बसू नकोस, सगळ्या शाखा शिक, गणितसुद्धा. जीव नेमका कसा घातला हे लेखिका सांगतच नाही, त्या प्रयोगावर तिचा रागही दिसत नाही. व्हिक्टर चुकतो ते त्याच्यानंतर, आणि पुन्हा पुन्हा. बनवलेल्याला टाकून पळतो, कोणालाही सांगत नाही. धाकटा भाऊ विल्यम मारला जातो, घरात वाढलेली जस्टिन त्या खुनात अडकते, खरा खुनी आपण बनवलेला जीवच हे व्हिक्टरला आतून पक्कं माहीत असतं, पण लोक वेडा म्हणतील म्हणून गप्प बसतो आणि ती पोरगी फासावर जाते. यात सायन्स कुठे आलं? हे बापाचं, भावाचं, साक्षीदाराचं वागणं आहे. मरतानासुद्धा तो वॉल्टनला महत्त्वाकांक्षेपासून दूर राहा म्हणतो आणि लगेच पुढे, मला नाही जमलं पण दुसऱ्या कोणाला जमेलही! ज्याला प्रवचन द्यायचंय ती लेखिका असं वाक्य ठेवेल का? २०१७ मध्ये एमआयटी प्रेसने खास शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर लोकांसाठी टिपा घातलेली आवृत्ती काढलीये ती उगाच नाही. एआयवर बोलायचं असेल तर हेच पुस्तक काढा, फक्त ‘मशीन आपल्याला खाणार’ या टोकाने नको, ‘बनवलंस ना, मग आता बघ त्याच्याकडे’ या टोकाने.

भाषा झेपत नाही. इथे मी थोडं मान्य करतो. वाक्यं लांब आहेत, आल्प्सची वर्णनं पानंच्या पानं चालतात, आणि तिसऱ्या भागातला इंग्लंडचा प्रवास मला स्वतःलाही कंटाळवाणा वाटतो, मी तो घरी वाचा म्हणून सोडून देतो. पण ‘मराठी मीडियमची पोरं’ हे कारण कोणी पुढे केलं की माझं डोकं फिरतं, कारण याच पुस्तकात शून्यातून भाषा शिकण्यावरची काही पानं आहेत आणि ती आमच्या या मुलांना कॉन्व्हेंटवाल्यांपेक्षा लवकर भिडतात.

तो जीव जंगलातल्या एका झोपडीला टेकलेल्या खोपटात लपून राहतो. लाकडी फळीच्या फटीतून आतलं कुटुंब बघतो, आंधळे म्हातारे डी लेसी, त्यांचा मुलगा फेलिक्स, मुलगी अगाथा. ऐकून ऐकून त्याला पहिले शब्द लागतात ते आग, दूध, भाकरी, लाकूड. काही शब्द ओळखू येतात पण अर्थ लागत नाही, चांगला, लाडका, दुःखी असले. मग साफी नावाची परदेशी मुलगी तिथे येते, फेलिक्स तिला भाषा शिकवायला लागतो, आणि हा बाहेरून तोच क्लास चोरून करतो, वर फुशारकी मारतो की मी तिच्यापेक्षा लवकर शिकलो! पहिल्या बाकावरच्यांना मास्तर शिकवतायत आणि खिडकीबाहेरचा पुढे जातोय. वर्गात दरवर्षी यावर हशा येतो, आणि मग जरा शांतता, कारण इंग्रजीच्या तासाला अर्थ न लागता नुसता आवाज ओळखू येणं म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायला लागत नाही. हाच जीव रात्री गुपचूप त्या कुटुंबासाठी लाकडं तोडून आणून ठेवतो, वाटेवरचा बर्फ काढतो. आंधळा म्हातारा त्याच्याशी नीट बोलतो, डोळस मुलगा येऊन काठीने झोडपतो. हे दोन प्रसंग मूळ इंग्रजीतून वाचायला लावा, हवं तर तासाला दोनच पानं, मध्ये मराठीत बोला, कोणी अडवलंय? समरीत याची एक ओळ होते, ‘कुटुंबाने त्याला नाकारले’. त्या ओळीवर परीक्षेत मार्क मिळतात हे खरंय, बाकी काही नाही.

आपला काय संबंध. हा प्रश्न मला खरं तर आवडतो, कारण उत्तर पुस्तकातच आहे. व्हिक्टरचा जिवलग मित्र क्लेरव्हल पौर्वात्य भाषा शिकतो, १८३१च्या आवृत्तीत त्यात संस्कृतही आलीये, आणि त्याच आवृत्तीत लिहिलंय की त्याला हिंदुस्थानात यायचंय, तिथल्या भाषा आणि समाज ठाऊक असल्याने युरोपियन वसाहत आणि व्यापाराला आपण हातभार लावू म्हणून. कादंबरीतला सगळ्यात गोड माणूस हा! आणि दुसऱ्या बाजूला तो ‘राक्षस’, फेलिक्स इतिहास वाचून दाखवत असताना अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं काय झालं हे ऐकून साफीबरोबर रडतो. हे दोन उतारे शेजारी ठेवा आणि माणूस कोण विचारा. त्याच धड्यात आशियाई लोकांना आळशीही म्हटलंय, तेही लपवू नका, मुलं बरोबर पकडतात. आता एक निव्वळ योगायोग, पण वर्गात सांगण्यासारखा: १ जानेवारी १८१८ला लंडनमध्ये पुस्तक बाहेर पडलं त्याच दिवशी इकडे भीमेकाठी कोरेगावची लढाई चालू होती, आणि त्याच वर्षी पेशवाई संपली. क्लेरव्हलला जिथे यायचं होतं ती जागा तेव्हा अशी मोकळी होत होती.

घाबरतील, मनावर परिणाम होईल असंही कोणी कोणी जोडतं. खून बहुतेक पडद्याआड होतात, रक्त फार कमी. शेवटी तो जीव स्वतःला जाळून घेईन म्हणतो तो भाग मात्र समोर कोणती मुलं आहेत ते बघून, सांभाळून घ्यावा, एवढं मी मानतो.

राहिला सिनेमा. दाखवा ना, १९३१चा जेमतेम सत्तर मिनिटांचा आहे, पण पुस्तक वाचून झाल्यावर. त्यात तळ्याकाठी एक छोटी मुलगी त्याच्याबरोबर पाण्यात फुलं सोडत बसते, फुलं संपतात, मग तो तिलाच उचलून पाण्यात टाकतो आणि ती बुडते. पुस्तकात उलटं आहे, वाहून चाललेल्या मुलीला तो पाण्यात उडी मारून बाहेर काढतो, शुद्धीवर आणायला धडपडतो, आणि तिच्याबरोबरचा माणूस येऊन त्याला गोळी घालतो. दोन्ही प्रसंग एकाच तासाला घ्या आणि सिनेमावाल्यांनी हा बदल का केला असेल यावर एक पान लिहायला सांगा, समरीतून याचं उत्तर कॉपी करता येत नाही.